बोरघाटांतील बंद पडलेलें स्टेशन

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी कर्जत सोडून पळसदरीच्या पुढें आली, कीं डब्यांतील बोलणें थोडें मंदावतें आणि मुलें खिडकीकडे सरकतात. बोगदे मोजण्याचा खेळ तेथें पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे; मोजणारांचें एकमत मात्र क्वचितच होतें. जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल हीं नांवें एकेक करून मागें पडतात, दरीपलीकडे राजमाचीचे दोन बालेकिल्ले उभे राहतात, आणि गाडी तोंड न फिरवितां खंडाळ्यास पोंचते. हा सरळ प्रवास मुळापासूनचा नव्हे. १८६३ पासून १९२९ पर्यंत, म्हणजे सहासष्ट वर्षें, या घाटांतून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला वाटेंत एका कड्याच्या टोंकाशीं थांबावें लागे. तेथें इंजिन सुटे, गाडीच्या दुसऱ्या टोंकाला जाऊन लागे, आणि आतांपर्यंत जो डबा सर्वांच्या मागें होता तोच पुढें होऊन उरलेली चढण सुरू होई. या जागेला ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ म्हणत. सामान्यतः स्टेशनाला गांवाचें नांव मिळतें. येथें गांवच नव्हतें. म्हणून जें काम तेथें होई, त्याचेंच नांव त्याला पडलें.

घाटाच्या नांवाविषयीं येथेंच एक खुलासा केलेला बरा. मराठी बोलण्यांत हा बोरघाट. इंग्रजी कागदपत्रांनीं त्याचा ‘भोर’ केला आणि पुढें तोच उच्चार आपल्या लोकांच्या तोंडींहि बसला. पण भोर हें गांव येथून पुष्कळ दक्षिणेला, त्याची वाटहि निराळी. बोरघाट म्हणजे खोपोली आणि खंडाळा यांमधील चढ. पेशवाईंत पुण्याहून कोंकणांत उतरण्याची ही एक प्रमुख वाट होती. घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधलेला तलाव आणि महादेवाचें देऊळ आजहि त्या रहदारीची साक्ष देतात. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत घाटांतून गाड्यांचा रस्ता खुला झाला, आणि देशावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून उतरून गाड्यांत भरला जाऊं लागला. तरी पावसाळ्याचे चार महिने तो रस्ता म्हणजे बैलांची आणि गाडीवानांची कसोटीच असे.

मीरा रोड, भाईंदर या बाजूस राहणाऱ्या मंडळींना डोंगरांतील लोहमार्गाची कल्पना रोजच्या अनुभवावरून येणें कठीण. तेथून जाणारी बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची वाट मिठागरांच्या सपाटींतून गेलेली आहे; चढ असा तिला जवळजवळ नाहींच. त्या कंपनीची लढाई पाण्याशीं होती. वसईची खाडी, वैतरणा, दमणगंगा, तापी, नर्मदा असे एकामागून एक प्रवाह तिला ओलांडावे लागले, आणि कर्नल केनेडी यानें लोखंडी खांबांवर लोखंडी तुळया टाकून ते ओलांडले. १८६४ च्या नोव्हेंबर अखेरीस तिच्या गाड्या ग्रँट रोडपर्यंत येऊं लागल्या. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचें दैव निराळें. तिला उत्तर हिंदुस्थान आणि मद्रास या दोन्ही दिशांना जावयाचें होतें, आणि दोन्ही वाटांवर सह्याद्रि आडवा पडलेला होता. एका वाटेवर थळघाट, दुसऱ्या वाटेवर बोरघाट. यांपैकीं बोरघाट अधिक अवघड.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी धांवली, ही गोष्ट शाळेंतील मुलांसहि ठाऊक असते. त्यानंतरचा क्रम तितकासा परिचित नाहीं. १८५४ सालीं कल्याण, १८५६ च्या मे महिन्यांत पळसदरी व खोपोली, आणि १८५८ च्या जूनमध्यें घाटावरील खंडाळा ते पुणें असा मार्ग खुला झाला. म्हणजे वरचा तुकडा तयार, खालचा तुकडा तयार, आणि मध्यें घाट. पुढें पांच वर्षें उतारूंनीं खोपोलीस गाडींतून उतरावें, पालखी, डोली, तट्टू, बैलगाडी यांपैकीं ऐपतीप्रमाणें एखादें वाहन करावें किंवा सरळ पायीं घाट चढावा, आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडींत बसावें, असा प्रकार चालूं होता. वाफेच्या युगांतला अर्धा प्रवास आणि शिवकालांतला अर्धा प्रवास एकाच दिवसांत घडे.

घाटाची आंखणी कंपनीचा मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कले याच्या देखरेखीखालीं झाली. पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फूट आणि माथा २,०२७ फूट. म्हणजे १,८३१ फूट उंची सुमारें पावणेसोळा मैलांत गांठावयाची. सरासरी चढ सेहेचाळीस फुटांस एक फूट, आणि जेथें तो अत्यंत तीव्र तेथें सदतीस फुटांस एक फूट. बैलगाडीला हा चढ कांहींच नव्हे. परंतु गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावरून ओढावयाचें म्हटलें कीं शंभरांस एक हा चढहि ड्रायव्हरास जाणवतो. सदतीसांस एक म्हणजे त्या काळच्या इंजिनांच्या शक्तीची जवळजवळ सीमाच होती.

मग उलट फिरण्याचें प्रकरण कां उद्भवलें? डोंगराची एक सोंड धरून रूळ चढत चढत जातात आणि सुमारें अकरा मैल गेल्यावर ती सोंडच संपते. पुढें सरळ कडा, खालीं खोल दरी. वळण घ्यावें तर त्याला लागणारी जागा नाहीं. पलीकडे जावें तर लांबच लांब बोगदा खणावा लागणार, आणि हातानें सुरुंगाचीं भोंकें पाडण्याच्या त्या काळांत असा बोगदा म्हणजे कित्येक वर्षांची व अपरंपार पैशांची गोष्ट. बर्कलेनें निराळी युक्ति योजिली. मार्ग कड्याच्या टोंकापर्यंत न्यावयाचा, तेथें थोडी सपाटी करून तो संपवावयाचा, आणि त्याच सपाटीवरून दुसरा मार्ग मागच्या बाजूस, पण अधिक उंचीवरून काढावयाचा. नकाशावर ही आकृति इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी दिसते. जिना चढतांना मधल्या चौथऱ्यावर माणूस उलट फिरतो, तसाच हा प्रकार. थळघाटांतहि ९७२ फूट चढण्यासाठीं असेंच एक स्टेशन करण्यांत आलें. युक्ति स्वस्त होती, परंतु तिची किंमत पुढें रोज, प्रत्येक गाडीमागें, वेळाच्या रूपानें मोजावी लागणार होती.

या आंखणीच्या संबंधांत शिंग्रोबाची कथा सांगितल्यावांचून बोरघाटाचें वर्णन पुरें होत नाहीं. साहेबांना घाटांतून वाट सांपडेना, तेव्हां मेंढरें राखणाऱ्या एका धनगरानें ती दाखविली; काय बक्षीस पाहिजे असें विचारतां त्यानें देशाचें स्वातंत्र्य मागितलें, आणि साहेबांनीं त्याला गोळी घातली, अशी ती दंतकथा. जुन्या मोटाररस्त्यावर खोपोलीच्या वरच्या अंगास शिंग्रोबाचें देऊळ आहे, आणि घाट चढणारा मोटारवाला तेथें नाणें टाकून पुढें जातो. कंपनीच्या कागदांत या धनगराचा पत्ता लागत नाहीं, आणि कथेचा शेवट तर उघडच मागाहून चढविलेला वाटतो. पण एवढ्यावरून ती सगळीच टाकून देणें बरोबर होणार नाहीं. झाडीनें भरलेल्या, बिनवाटेच्या डोंगरांत परक्या माणसांनीं मोजणीच्या सांखळ्या घेऊन वर्षानुवर्षें फिरावें आणि त्यांना तेथील गुराखी, ठाकूर, धनगर यांचा हात धरावा लागला नसेल, हें संभवनीय नाहीं. अहवालांत मोजणीदारांचीं नांवें आलीं. वाटाड्यांचीं आलीं नाहींत. त्या अनामिकांसाठीं लोकांनीं एक नांव आणि एक देऊळ उभें केलें.

प्रत्यक्ष कामाचा मक्ता विल्यम फ्रेडरिक फाव्हिएल याला मिळाला. मुंबई-ठाणें मार्ग बांधणाऱ्या जोडीपैकीं हाच एक. १८५६ च्या आरंभीं काम सुरू झालें. पावसाळ्यांत तें जवळजवळ बंद पडे. माणसें शेतीसाठीं गांवोगांव परतत आणि दसऱ्या-दिवाळीनंतर पुन्हा जमा होत. कड्यांवर पाय ठेवावयास जागा नसे, तेथें माणसांना दोरांनीं वरून खालीं सोडीत, आणि तशीं लोंबकळत तीं पहिलीं भोंकें पाडीत. दारू ठासावयाची, वात लावावयाची, आणि स्फोट होण्यापूर्वीं वर ओढून घेण्यासाठीं हांक मारावयाची. दोर तुटला किंवा हांक उशिरा ऐकूं गेली, तर खालच्या दरींत शोध घेण्यासहि कोणी जात नसे.

१८६१ सालीं या घाटांत एका वेळीं बेचाळीस हजारांपर्यंत माणसें काम करीत होतीं. आजच्या एखाद्या लहान शहराएवढी ही वस्ती, आणि तीहि उतारावर, झोंपड्यांतून, उघड्या ओढ्यांचें पाणी पिऊन राहणारी. नवरा दगड फोडी, बायको पाटीनें माती वाही, पोरें आसपास असत. अशा ठिकाणीं पटकीची सांथ शिरली म्हणजे काय होतें, हें सांगावयास नको. तिनें ही वस्ती पुन्हा पुन्हा झोडपली. बांधकामाच्या आठ वर्षांत किती जीव गेले याची नोंद कोणीं ठेविली नाहीं. अभ्यासकांच्या लिखाणांत पंचवीस हजार हा आंकडा वारंवार येतो. तो अंदाज आहे हें ध्यानांत ठेवूनच वाचला पाहिजे. दगडांचें, मातीचें, विटांचें माप घनयार्डांत बिनचूक लिहिलेलें सांपडतें. माणसांचें माप तेवढें अंदाजानें, हा फरक पुरेसा बोलका आहे.

मजुरांचा राग एकदां उघड पेटला. मजुरी मुकादमांच्या हातून जाई, ती वेळेवर पोंचत नसे, पोंचली तर पुरी पोंचत नसे. १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीवरून घाटांत दंगा झाला, आणि त्यांत एक युरोपियन मारला गेला. सरकारनें चौकशी केली, आणि मजुरांच्या तक्रारींत तथ्य असल्याचें तिच्यांतून दिसून आलें. मार्चमध्यें फाव्हिएलनें मक्ता सोडून दिला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८६० सालीं, रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटानें तातडीनें तोडावे असा नववा कायदा झाला. या देशांतील कामगारविषयक कायद्यांच्या इतिहासांत त्याचा उल्लेख येतो. त्याचें एक मूळ बोरघाटांतील या दंग्यांत आहे, हें मात्र सहसा सांगितलें जात नाहीं.

पुढला मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल. तो १८५९ च्या उत्तरार्धांत या देशांत आला आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वींच आजारानें वारला. मक्ता आपोआप सुटावयाचा, पण त्याच्या बायकोनें, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें, तो पुढें चालविण्याचें ठरविलें. अलीकडे तिचें वर्णन कोठें कोठें ‘घाट बांधणारी बाई’ असें केलेलें आढळतें. तें थोडें अतिशयोक्तीचें आहे. खडकाचें व बोगद्यांचें काम अ‍ॅडमसन आणि क्लाऊझर हे दोन अनुभवी इंजिनिअर पाहत; ते पूर्वींपासून कंपनीच्या नोकरींत होते. परंतु परक्या मुलखांत, नवरा गेल्यावर कांहीं आठवड्यांच्या आंत, हजारों माणसांच्या पगाराची आणि एवढ्या मोठ्या कराराची जबाबदारी अंगावर ठेवणें ही गोष्ट तेवढ्यानें लहान ठरत नाहीं. करार पुरा झाला. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे दगडी कमानी पूल घाटांत उभे राहिले. बर्कलेला तें पाहावयास मिळालें नाहीं. प्रकृति खालावल्यानें तो इंग्लंडास गेला आणि १८६२ च्या ऑगस्टांत वारला. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या हस्ते घाट खुला करण्यांत आला. योगायोग असा, कीं गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ हें पुस्तक त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें. मुंबईचें वैभव कोठून येतें आहे, हें त्या वर्षीं पुस्तकांतहि वाचतां येत होतें आणि घाटांतहि पाहतां येत होतें.

आतां त्या स्टेशनावर प्रत्यक्ष काय चाले तें पाहूं. घाटासाठीं खास जड इंजिनें आणविलेलीं असत. पाण्याची टांकी इंजिनाच्या पाठीवरच खोगिरासारखी बसविलेली, म्हणजे तिचें ओझें चाकांवर पडून पकड वाढे. उतरतांना नुसत्या चाकाच्या ब्रेकावर भरंवसा ठेवतां येत नसे, म्हणून या इंजिनांना रुळांवर दाबून धरावयाचे घसरते ब्रेकहि असत. चढती गाडी धापा टाकीत सपाटीवर येऊन थांबली, कीं इंजिन सोडावयाचें, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोंकाला न्यावयाचें, सांधे बदलावयाचे, पाणी घ्यावयाचें, आणि शिट्टी देऊन उलट दिशेनें निघावयाचें. गाडीच्या तोंडाकडे पाहत बसलेल्या उतारूची पाठ आतां गाडीच्या तोंडाकडे होई. खालीं दरींत नजर टाकली तर नुकताच चढून आलेला मार्ग दोऱ्यासारखा दिसे.

उतरणीचा प्रवास अधिक भयाचा होता. खंडाळ्याकडून येणारी गाडी या सपाटीवर उतरे तेव्हां तिच्या पुढें रूळ संपलेले असत, आणि त्यांच्या पलीकडे फक्त कडा. ब्रेक लागलाच नाहीं तर? १८६९ च्या जानेवारींत नेमकें तेंच घडलें. वरून येणारी गाडी आवरली गेली नाहीं. ती रिव्हर्सिंग स्टेशनांत शिरून शेवटचा अडथळा फोडून गेली, आणि उतारू प्राणास मुकले. त्यापूर्वींच, १८६७ च्या जुलैंत, माहू-की-मळी येथील उंच कमानी पूल कोसळला होता. घाट खुला होऊन त्या वेळीं अवघीं चार वर्षें झालीं होतीं, आणि दगडी बांधकामाच्या दर्जाबद्दल बरीच टीका झाली. असल्या संकटांवर घाटांतील उपाय म्हणजे धरसांधे. उतरत्या मार्गावर ठराविक ठिकाणीं सांधा नेहमीं बाजूच्या चढत्या रुळाकडेच लावून ठेवावयाचा. गाडी ताब्यांत असेल तर ती सांध्याअलीकडे पुरती थांबेल, मग सांधेवाला तिला मुख्य मार्ग मोकळा करून देईल. बेफाम सुटली असेल तर ती आपोआप चढावर जाऊन जिरेल. सांधेवाल्यानें गाडीवर विश्वास ठेवावयाचा नाहीं, गाडीनें स्वतः तो मिळवावयाचा, असा हा नियम.

विसाव्या शतकांत रहदारी वाढली, गाड्या लांब झाल्या, आणि स्टेशनाची सपाटी मात्र होती तेवढीच राहिली. कडा थोडाच मागें सरणार! सपाटीवर मावेल त्याहून लांब गाडी घाटांत आणतां येत नसे, आणि प्रत्येक गाडीमागें खोळंबा ठरलेला. १९२५ च्या फेब्रुवारींत मुंबईंत विजेची पहिली गाडी बोरीबंदर ते कुर्ला अशी धांवली, तेव्हां घाटांतहि वीज नेण्याचा विचार चालूं होताच. विजेबरोबर घाटाची आंखणीहि सुधारून घेण्यांत आली. बर्कलेनें ज्या लांब बोगद्यांना टाळलें होतें, ते आतां यंत्रांच्या साहाय्यानें खणतां येत होते. नवे बोगदे पडले, मार्ग डोंगराच्या पोटांतून सरळ पुढें गेला, आणि १९२९ सालीं रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालें. त्याच वर्षीं ५ नोव्हेंबर रोजीं कल्याण ते पुणें हा मार्ग विजेवर सुरू झाला. त्यासाठीं लागणारी वीज कल्याणजवळच्या चोळें येथील रेल्वेच्या वीजघरांतून येई. दुसऱ्या वर्षीं १ जूनला दख्खनची राणी धांवूं लागली. तिच्या उतारूंना कड्यावरच्या थांब्याचा अनुभव कधींच आला नाहीं.

मालगाड्यांसाठीं जीं नवीं विद्युत्‌ इंजिनें आलीं, त्यांना रेल्वेचे लोक ‘खेंकडा’ म्हणत. मध्यें उंच अंग, दोन्ही बाजूंस लांब ठेंगणीं नाकें, आणि चालतांना डुलत जाण्याची रीत. नांव अगदीं नेमकें बसलें. या खेंकड्यांचा एक गुण असा, कीं घाट उतरतांना त्यांच्या मोटारी उलट वीज निर्माण करीत आणि ती वरच्या तारेंत परत सोडीत. पूर्वीं जो उतार रुळांवर लोखंड घांसून थोपवावा लागे, तोच आतां चढत्या गाडीला हातभार लावूं लागला. त्यांतलें ‘सर लेस्ली विल्सन’ नांवाचें एक इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत ठेवलेलें आहे.

सोडून दिलेल्या मार्गाची जागा खंडाळ्याच्या अलीकडे, ज्या भागाला पुढें एका वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून ‘अमृतांजन’ हें नांव पडलें, त्या बाजूस येते. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग तेथूनच जातो. या मार्गावरील जुना अमृतांजन पूल रहदारीला अडचणीचा होई, म्हणून एप्रिल २०२० मध्यें, टाळेबंदीमुळें रस्ता रिकामा असतांना, सुरुंग लावून तो पाडण्यांत आला. आगगाडीचा मुख्य मार्ग आतां पलीकडून बोगद्यांतून जातो. चढ मात्र पूर्वींचाच राहिला आहे. सदतीसांस एक हें प्रमाण वीज आल्यानेंहि बदललें नाहीं, आणि म्हणून कर्जतला बहुतेक गाड्यांच्या पाठीशीं अजून जोड-इंजिनें लागतात; तेवढ्या वेळांत उतारू फलाटावर उतरून बटाटेवडे घेतात आणि शिट्टी झाली कीं धांवत आपल्या डब्यांत शिरतात.